अपडेटनंतर मंदावलेला संगणक: फॉरमॅट मारण्याआधी काय काय तपासावे

महिन्याचा दुसरा मंगळवार हा मायक्रोसॉफ्टचा ठरलेला वार आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की विंडोजचे मासिक सुरक्षा अपडेट सोडले जाते, आणि तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून भारतातल्या मशीनवर ते बहुधा बुधवारी किंवा त्यानंतर उतरते, आणि त्या आठवड्यात "परवापर्यंत चांगला चालत होता, अपडेट झालं आणि कॉम्प्युटर रांगायला लागला" ही तक्रार हमखास कानावर येते. तक्रार खरी असते. मात्र तिच्यावर जो उपाय सर्रास सांगितला जातो, म्हणजे फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकणे, त्याची गरज क्वचितच पडते. त्यात दिवस मोडतो, घरातले फोटो आणि दुकानाचे हिशेब हरवण्याची भीती असते, आणि मूळ दोष हार्ड डिस्कमध्ये असेल तर चार दिवसांनी सगळे पुन्हा तसेच होते. संगणक नेमका कशासाठी ताटकळतो आहे हे आधी पाहावे आणि मगच त्याला हात लावावा, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. पुढचा क्रम त्याच मताप्रमाणे लावला आहे. मेनूंची नावे विंडोज ११ मधली आहेत. विंडोज १० मध्ये ती थोडी वेगळी, पण त्याच आसपास सापडतात.

पहिला दिवस: त्याला काम उरकू द्या

पडद्यावर डेस्कटॉप दिसू लागला म्हणजे अपडेट संपले असे आपण समजतो, परंतु त्यानंतरही बरेच काम मागे चालू राहते. जुन्या फाइलींची आवराआवर होते, शोधासाठीची सूची पुन्हा तयार केली जाते, डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस बदललेल्या फाइली तपासतो, आणि स्टोअरमधली अ‍ॅप्स आपापली नवी आवृत्ती उतरवून घेतात. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या मशीनवर हे सारे अर्ध्या-पाऊण तासात निभते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर, विशेषतः वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटनंतर, त्याला पूर्ण दिवसही लागू शकतो.

यात आपल्याकडच्या एका सवयीची भर पडते. विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात रात्री दोन वाजता ठरलेली असते, आणि मशीन विजेला जोडलेले व रिकामे असेल तरच ती चालते. आपण मात्र काम संपले की संगणक बंद करून भिंतीवरचा स्विचही बंद करतो. वीजबिलासाठी आणि रात्री विजेच्या दाबात होणाऱ्या चढउतारांच्या भीतीने ही सवय लागली आहे आणि ती चुकीची नाही, पण तिच्यामुळे देखभालीच्या वाट्याला रात्र कधी येतच नाही. मग ते काम सकाळी आपण हिशेब करायला बसलो की मधल्या फटींत घुसते.

म्हणून पहिला उपाय साधा आहे. लॅपटॉप चार्जरला जोडावा, सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि तिथे पॉवर या पानावर जाऊन स्लीप 'नेव्हर' करावे, सगळे प्रोग्रॅम बंद करावेत आणि मशीन एक रात्र, निदान तीन-चार तास, चालू ठेवून त्याला अजिबात हात लावू नये. झाकण मिटू नये, कारण बहुतेक लॅपटॉप झाकण मिटताच झोपतात. काम झाल्यावर स्लीपची जुनी वेळ परत लावावी.

त्यानंतर रिस्टार्ट करावे, आणि 'रिस्टार्ट' हाच पर्याय निवडावा. बहुतेक मशीनवर फास्ट स्टार्टअप सुरू असते. त्यात 'शट डाउन' केले तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. रोज रात्री न चुकता बंद होणाऱ्या एका मशीनच्या टास्क मॅनेजरमध्ये मी 'अप टाइम', म्हणजे सलग चालू असल्याचा काळ, २३ दिवस पाहिला आहे. त्या मशीनला एका रिस्टार्टने उतार पडला.

टास्क मॅनेजर कसा वाचावा

रात्रभर वाट पाहूनही संथपणा तसाच असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. 'प्रोसेसेस' या भागात वर चार आकडे दिसतात: सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क. कोणत्याही आकड्याच्या शीर्षकावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. लगेच काहीही बंद न करता पाच मिनिटे नुसते पाहावे आणि कागदावर टिपून घ्यावे. ही पाच मिनिटे पुढचे पाच तास वाचवतात.

सीपीयू सतत ८० टक्क्यांच्या वर असेल तर वर कोणाचे नाव आहे ते महत्त्वाचे. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' असेल तर अपडेटचे काम अजून बाकी आहे. त्याला जबरदस्तीने बंद करू नये, कारण अर्धवट राहिलेले अपडेट हा पुढच्या बिघाडांचा पाया असतो. 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे डिफेंडर. त्याची तपासणी संपू द्यावी. 'मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्च इंडेक्सर' असेल तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी विभागात शोधाच्या पानावर सूचीचे किती काम बाकी आहे ते कळते. ही तिन्ही नावे एक-दोन दिवसांत खाली सरकली पाहिजेत. आठवडा उलटूनही एखादे तिथेच बसून असेल, तर ते आजाराचे लक्षण मानावे.

मेमरीचा आकडा काहीही न उघडता ७० टक्क्यांच्या पुढे असेल आणि मशीनमध्ये ४ जीबी रॅम असेल, तर दोष अपडेटचा कमी आणि रॅमचा जास्त आहे. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे हे खरे, पण ती चालू होण्यापुरती अट आहे. ब्राउझर उघडला की मेमरी संपते, विंडोज उरलेले सामान डिस्कवर टाकू लागते, आणि मग डिस्कचा आकडाही लाल होतो. अशा मशीनवर डिस्कचे उपाय करत बसण्यापेक्षा रॅम ८ जीबी करावी.

नेटवर्कचा आकडा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी जरूर पाहावा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि तिथे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन उघडून दुसऱ्या संगणकांबरोबरची देवाणघेवाण बंद करावी, आणि हॉटस्पॉटच्या जोडणीला 'मीटर्ड' अशी खूण करावी, म्हणजे बहुतेक अपडेट आपणहून उतरणे थांबते.

डिस्कवर १०० टक्के

अपडेटनंतरच्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त वेळा मला दिसलेली खूण म्हणजे डिस्कच्या खाली स्थिरावलेला १०० टक्क्यांचा लाल आकडा. इथे थांबून नीट पाहणे गरजेचे आहे, कारण या एकाच आकड्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात: डिस्क प्रामाणिकपणे राबत असेल, किंवा ती शेवटच्या घटका मोजत असेल.

फरक ओळखण्यासाठी टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात डिस्कवर क्लिक करावे. तिथे 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग दिसतो. धडधाकट एसएसडीचा प्रतिसाद सहसा काही मिलिसेकंदांच्या आत असतो, फिरत्या डिस्कचा कामाच्या भरात दोन आकडी मिलिसेकंदांपर्यंत जातो आणि क्वचित शंभर-दोनशेलाही टेकतो. वेग सेकंदाला ४०-५० एमबी असेल आणि प्रतिसाद या मर्यादेत असेल तर डिस्क काम करते आहे, तिला वेळ द्यावा.

एका झेरॉक्सच्या दुकानातले मशीन मला आठवते. अपडेटनंतर त्यावर आधार कार्डाची पीडीएफ उघडायला दोन-दोन मिनिटे लागत होती, बाहेर गिऱ्हाइके खोळंबली होती, आणि मालक म्हणत होते, "साहेब, ते अपडेट काढून टाका, मग होईल नीट." डिस्क १०० टक्क्यांवर होती, पण वेग सेकंदाला जेमतेम ४०० केबी आणि प्रतिसादाचा आकडा ३,००० मिलिसेकंदांच्या वर. याचा अर्थ एक छोटा तुकडा वाचायला डिस्कला तीन सेकंद लागत होते. कॅबिनेटला कान लावला तर थांबून थांबून 'टक्' असा बारीक आवाज येत होता. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने डिस्कची नोंदवही उघडून दाखवली. तिथे 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न आलेल्या जागा) या ओळीपुढे पिवळी खूण होती. डिस्क आधीच खराब होत आली होती. अपडेटने एवढेच केले की काही जीबी नवा मजकूर लिहिताना आजवर कोणी न शिवलेल्या खराब जागांना हात लागला आणि दुखणे वर आले. अपडेट काढले असते तर त्याच मरणाऱ्या डिस्कवर आणखी वाचन-लेखन झाले असते.

अशी खूण दिसली की क्रम बदलू नये. सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात: फोटो, कागदपत्रे, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले जपून ठेवलेले पासवर्ड. त्याआधी चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या साधनाची खोल तपासणी लावण्याचा मोह आवरावा, कारण ती आधीच थकलेल्या डिस्कचा इंच न् इंच वाचायला लावते आणि कधी कधी त्यातच डिस्क कायमची बसते. बॅकअप हातात आल्यावर डिस्क बदलावी.

डिस्क निरोगी पण फिरती असेल तरीही ती बदलून एसएसडी घालणे हा जुन्या मशीनवर करता येणारा सर्वांत फलदायी खर्च आहे असे मी निःसंकोच सांगेन. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी डिस्क विखुरलेल्या ठिकाणचे छोटे तुकडे सेकंदाला साधारण शंभरच्या आसपास वाचू शकते. साधी साटा जोडणीची एसएसडी तेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते, आणि विंडोजचे मागचे बहुतेक काम अशा विखुरलेल्या तुकड्यांचेच असते. अडीच इंची एसएसडी लॅपटॉपमधल्या त्याच जागी बसते. जुनी डिस्क निरोगी असेल तर तिची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढता येते, त्यामुळे प्रोग्रॅम पुन्हा टाकावे लागत नाहीत.

जागा

सी ड्राइव्हवर १५-२० टक्के जागा मोकळी हवी. मोठ्या अपडेटनंतर जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात ठेवली जाते आणि ती सहज १५-२० जीबी अडवते. दहा दिवसांनी ती आपोआप जाते. जागा फारच कमी असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज आणि टेम्पररी फाइल्स या मार्गाने ती आधीही काढता येते, पण एकदा काढली की मागे फिरण्याची वाट बंद होते. त्याच यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते. त्यापुढची खूण काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण अनेक जण आपली कामाची कागदपत्रे तिथेच ठेवतात.

सुरुवातीला उठणारे प्रोग्रॅम

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप अ‍ॅप्स' हा भाग आहे. नावापुढे 'हाय' असा भार दाखवलेला आणि रोज न लागणारा प्रोग्रॅम तिथे 'डिसेबल' करावा. त्याने प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त आपणहून उठत नाही. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरस यांना हात लावू नये. एका वेळी दोन-तीनच बंद करावेत आणि रिस्टार्ट करून फरक पाहावा. मी सुरुवातीच्या काळात एकदम पंधरा नोंदी बंद केल्या होत्या. मशीन वेगवान झाले, पण प्रिंटर चालेनासा झाला आणि कोणत्या नोंदीमुळे ते शोधण्यात संध्याकाळ गेली. तेव्हापासून प्रत्येक बदल वहीत लिहितो.

दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर असतील तर एक काढावा. मुदत संपलेला, लॅपटॉपबरोबर आलेला अँटिव्हायरस तर ठेवण्यात काहीच अर्थ नाही. तो काढला की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. मोठ्या अपडेटनंतर पहिल्यांदा आत शिरताना येणाऱ्या पडद्यांवर घाईने 'पुढे' दाबले गेले असेल, तर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने डेस्कटॉप आणि कागदपत्रे वर चढवायला घेतलेली असू शकतात. घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक केले की ते कळते, आणि तिथूनच ते काही तासांसाठी थांबवताही येते. पत्रिका आणि फ्लेक्सचे काम करणाऱ्या डीटीपीच्या मशीनवर शेकडो फॉन्ट टाकलेले असतात. त्यांच्यामुळे वर्ड आणि जुळणीचे प्रोग्रॅम उघडायलाच वेळ लागतो. वापरात नसलेले फॉन्ट वेगळ्या फोल्डरात काढून ठेवणे तिथे उपयोगी पडते.

ड्रायव्हर, वीज आणि उष्णता

अपडेटनंतर खिडक्या ओढताना अडखळत असतील किंवा व्हिडिओ तुटक दिसत असेल, तर स्टार्टच्या चिन्हावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' पाहावे. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असे लिहिले असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, गेलेला आहे आणि सगळे चित्र प्रोसेसरला काढावे लागते आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. ड्रायव्हर आहे पण अपडेटनंतरच बिघडला असेल, तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण मिळते. 'तुमचे ३७ ड्रायव्हर जुने आहेत' असे सांगणारे फुकटचे प्रोग्रॅम आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणारी साधने कटाक्षाने टाळावीत; मी त्यांनी बरे झालेले एकही मशीन पाहिलेले नाही, बिघडलेली मात्र पाहिली आहेत.

पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशिएन्सी' वर गेला आहे का तेही पाहावे. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग काम चालू असतानाही ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर अडकून असेल, तर चार्जर आणि उष्णता यांचा संशय घ्यावा. काही लॅपटॉप कमी ताकदीचा किंवा ओळखीचा नसलेला चार्जर लागला की स्वतःला आवरून घेतात, आणि पंख्यात धूळ साचली की अपडेटचा दिवसभराचा भार प्रोसेसरला तापवून त्याचा वेग खाली आणतो.

विंडोजच्या फाइलींची दुरुस्ती

अपडेट चालू असताना वीज गेली असेल तर ही पायरी वगळू नये. स्टार्टच्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'टर्मिनल (अ‍ॅडमिन)' उघडावे. दोन आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिली: डी-आय-एस-एम ही चार अक्षरे, मग जागा, तिरक्या रेघेला जोडून 'ऑनलाइन', जागा, तिरक्या रेघेला जोडून 'क्लीनअप' आणि 'इमेज' हे दोन शब्द मध्ये आडवी रेघ देऊन, जागा, आणि तिरक्या रेघेला जोडून 'रिस्टोअरहेल्थ' हा एकच शब्द. ही आज्ञा इंटरनेटवरून चांगल्या फाइली आणते. ६० टक्क्यांच्या आसपास ती बराच वेळ थांबल्यासारखी दिसली तरी खिडकी बंद करू नये. दुसरी: एस-एफ-सी ही तीन अक्षरे, जागा, आणि तिरक्या रेघेला जोडून 'स्कॅननाऊ'. दुसरी आज्ञा पहिलीने दुरुस्त केलेल्या साठ्यातून फाइली घेते, म्हणून उलट क्रमाने केले तर अर्धेच काम होते. दोन्हींनंतर रिस्टार्ट करावे.

एवढ्याने भागले नाही तर विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत सिस्टीम, रिकव्हरी या पानावर विंडोज अपडेटच्या साह्याने दुरुस्ती करण्याचा पर्याय आहे. तो फाइली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी ठेवून विंडोज पुन्हा बसवतो. फॉरमॅटचा विचार मनात येतो त्या ठिकाणी मी आधी हा पर्याय वापरतो.

दोष खरोखर अपडेटचा असेल तेव्हा

असेही घडते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटींवरची अपडेट आली, तेव्हा २०१५ च्या आसपासच्या आणि त्याहून जुन्या प्रोसेसरवर वेग जाणवण्याइतका कमी होईल हे मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या वेगवान मेमरीचा, वेग घसरला, आणि त्याच महिन्यात दुरुस्ती आली.

मासिक अपडेटवर संशय असेल तर विंडोज अपडेटमधल्या 'अपडेट हिस्टरी'त त्याची तारीख आणि 'केबी'ने सुरू होणारा क्रमांक टिपावा, त्याच पानाखालच्या 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मधून ते काढावे आणि अपडेट काही आठवडे थांबवून ठेवावीत. पाच आठवड्यांपर्यंत तशी सोय आहे. आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट असेल तर दहा दिवसांच्या आत रिकव्हरीच्या पानावर 'गो बॅक' मिळते. मागे फिरताना अपडेटनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात, म्हणून आधी बॅकअप घ्यावा. डिस्क कूटबद्ध असेल तर बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्ध करणाऱ्या सोयीची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून घ्यावी. ती हाताशी नसताना मशीनने मागितली तर डेटा आतच अडकतो.

अपडेट कायमची बंद करणारी साधने मात्र वापरू नयेत. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारे अपडेट १४ मार्चलाच आलेले होते. अडकलेल्या बहुतेक मशीनवर ते टाकलेलेच नव्हते. तसेच 'कोअर आयसोलेशन' मधले मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण बंद केल्याने जुन्या प्रोसेसरवर थोडा वेग मिळतो, पण ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी ते कधीही बंद करणार नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवरही अटी चुकवून विंडोज ११ टाकून दिलेली अनेक मशीन आता समोर येतात. तिथे वरच्या पायऱ्या करून झाल्यावरही काही प्रमाणात संथपणा उरतो. मोठी वार्षिक अपडेट अशा मशीनवर आपणहून येत नाहीत, आणि पुढची आवृत्ती चालेलच याची हमी नसते. ते मशीन कशासाठी वापरले जाते हे मालकाला विचारावे. ब्राउझर, मेल आणि मराठी टायपिंग एवढेच काम असेल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून द्यावी; टॅली किंवा विंडोजवरच चालणारा एखादा प्रोग्रॅम लागत असेल तर आहे त्या मशीनवर खर्च न करता डिस्कमधला डेटा काढून ठेवावा आणि पुढच्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकायला सांगावे.